नाझ्गूल : मेले, विझले की सुटले?

ओसरी | रविवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी.

लेकीला (वय १३) रोज रात्री टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची आठ-दहा पानं वाचून दाखवतोय. वाचतो इंग्रजीत, मध्येमध्ये मराठीत सांगतो. परवा एकदाची अंगठी, म्हणजे खलनायक सॉरॉनची बाकी अंगठ्यांवर सत्ता चालवणारी ती एकमेव अंगठी, ज्वालामुखीत पडली. आई शेजारी बसून लसूण सोलत होती. ती ऐकत नसते असा आमचा समज. सॉरॉनचा डोलारा कोसळला, आणि आकाशातून झेपावत आलेले नाझ्गूल, म्हणजे त्याच्या नऊ भुताळी स्वारांपैकी उरलेसुरले आठ, त्या आगीत सापडून तडतडले, करपले, विझले. लेखकाने त्यांना तीन क्रियापदांत संपवलंय. मी पुढे वाचणार तेवढ्यात आई म्हणाली, "सुटले बिचारे."

लेक उसळलीच. "आजी, व्हिलन आहेत ते!"

"असतील. पण इतकी वर्षं म्हणजे काय गं. सुटलेच म्हणायचे."

तेव्हापासून डोक्यात किडा. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे नऊ जण मुळात माणसं होते, राजे, मांत्रिक, योद्धे. सॉरॉनने त्यांना नऊ अंगठ्या दिल्या. त्यांच्या जोरावर सत्ता मिळाली, संपत्ती मिळाली, आयुष्य लांबत गेलं. मग एकेक जण विरत गेला. अंगठीवाला दिसेनासा होतो तसे हे कायमचे दिसेनासे झाले आणि मन सॉरॉनच्या मुठीत गेलं. दुसऱ्या युगाच्या २२५१ साली ते पहिल्यांदा समोर येतात. ते युग संपलं ३४४१ ला, आणि अंगठी नष्ट झाली तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली, २५ मार्चला. हिशोब करा, ४२०९ वर्षं. अंगठ्या बोटात चढल्यापासून धरलं तर त्याहून जास्त.

तर प्रश्न असा, की त्यांचं पुढे काय झालं? नुसते नष्ट झाले, की आई म्हणते तसे सुटले?

---

भर_दुपारी | रविवार, रात्री ११:०३

पहिली! वाचते सावकाश. तोवर काकूंना +१.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ११:४०

काकूंनी मुद्द्यावरच बोट ठेवलंय.

टोल्किनच्या विश्वात मरण ही माणसांना मिळालेली देणगी आहे, शिक्षा नव्हे. एल्फ ही दुसरी जात अमर, पण जगाला बांधलेली. मेले तरी त्यांचे आत्मे मांडोस या मृतांच्या देवाच्या दालनांत, याच जगात. माणूस मात्र मेला की जगाच्या चौकटीबाहेर जातो. कुठे, ते एल्फांनाही माहीत नाही. इलूवातारने, म्हणजे त्या विश्वाच्या परमेश्वराने, ही वाट फक्त माणसांना दिली. नूमेनॉरचे लोक हीच देणगी नाकारायला गेले आणि बेटासकट बुडाले.

अंगठी आयुष्य वाढवत नाही. आहे तेवढंच ताणते. जादूगार गँडाल्फ कथानायक फ्रोडोला पहिल्या भागातच सांगतो, की अंगठी बाळगणारा मर्त्य मरत नाही, पण वाढतही नाही. नुसता चालू राहतो, शेवटी एकेक मिनिट जड होईपर्यंत. फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोला जाणवलं होतं ते हेच. तो लोणी आणि पावाचा दाखला देतो. मी भाचरांना सांगताना एका पोळीचं तूप सात पोळ्यांना फासल्यासारखं असं सांगते.

तेव्हा नाझ्गूल म्हणजे ज्यांची जायची वाट अडवून ठेवली होती अशी माणसं. अडसर निघाला, ती गेली. 'सुटले' हा शब्द शंभर टक्के बरोबर.

---

अवकाळी | सोमवार, सकाळी ७:१५

असहमत. सुटायला आत कुणी उरलं होतं का, हे आधी सांगा.

माझा मुद्दा नावांचा आहे. नऊ राजे, पण नाव किती जणांचं माहीत? एकाचं. खामूल, पूर्वेकडचा. तेही मूळ कादंबरीत नाही, लेखक गेल्यावर १९८० साली मुलाने छापलेल्या टिपणांत. त्यांच्या म्होरक्याला, ज्याने आंगमारचं राज्य स्थापून उत्तरेचं आर्नोर धुळीला मिळवलं, त्यालासुद्धा नाव नाही. विच-किंग हा हुद्दा झाला. नऊपैकी तिघे नूमेनॉरच्या वंशातले बडे सरदार होते म्हणे. त्यांच्या आयांनी बारशाला काहीतरी नाव ठेवलंच असेल ना?

आता आपल्याकडच्या अंगठ्या आठवा. मारुती अशोकवनात रामाची मुद्रिका टाकतो, सीतेला ओळख पटते. दुष्यंत शकुंतलेला विसरतो, माशाच्या पोटातून अंगठी निघते, त्याला ओळख पटते. आपल्याकडे अंगठी हरवली की माणूस हरवतो. तिथे अंगठी सापडली की माणूस हरवतो. जो आतून पूर्ण पुसला गेलाय त्याला मुक्ती मिळाली म्हणणं म्हणजे रिकामं पाकीट पत्त्यावर पोचलं म्हणण्यासारखं आहे.

---

भर_दुपारी | सोमवार, सकाळी ९:३०

रिकामं पाकीट! अवकाळी, सकाळी सकाळी काय हे. चहा घेतलास का?

---

लेव्हल_अप_बंड्या | सोमवार, सकाळी ११:०८

नावं आहेत की भाऊ. 'शॅडो ऑफ वॉर' गेम खेळा. इसिल्दुर (सॉरॉनच्या हातून अंगठी कापून घेणारा) नाझ्गूल झालेला असतो, हेल्म हॅमरहँड राजा पण. इसिल्दुर तर तिथे सुटतो पण, गेमचा हिरो टॅलियन त्याला संपवतो आणि त्याची अंगठी नंतर स्वतःच घालतो. म्हणजे काकू बरोबर. धागा बंद करा 😎

---

नाना_पायरीवरचे | सोमवार, दुपारी १:२५

बंडोपंत, तो गेम २०१७ चा. करमणूक म्हणून ठीक, पण सनावळी पाहा. नाझ्गूल प्रकट झाले दुसऱ्या युगाच्या २२५१ साली. इसिल्दुर मेला तिसऱ्या युगाच्या दुसऱ्या वर्षी, ग्लॅडनच्या पाणथळीत, ऑर्कांच्या बाणांनी. हेल्म गेला २७५९ साली, ऐन हिवाळ्यात, खिंडीसमोरच्या बांधावर उभ्याउभ्या गोठून. तो जन्मला तेव्हा नऊच्या नऊ जागा कैक शतकं भरलेल्या होत्या. भरतीच बंद होती हो.

आता मूळ विषयाकडे. आपण सगळे २५ मार्च धरून बसलो आहोत. पण विच-किंग त्याच्या दहा दिवस आधी गेला, १५ मार्चला, पेलेन्नॉरच्या रणांगणात. तेव्हा अंगठी शाबूत होती, सॉरॉन शाबूत होता. मग तो गेला कसा? आणि खरोखर गेला का?

याआधीचा प्रसंग पाहा. २० ऑक्टोबर ३०१८, ब्रुइनेन नदीचा उतार. पूर येतो आणि नऊही घोडेस्वार वाहून जातात. नंतर शोध घेतला तेव्हा तीन काळे घोडे उताराशीच मेलेले सापडले, खालच्या खडकांवर आणखी पाच, आणि एक लांब काळा झगा, चिंध्या झालेला. बस. स्वारांचा मागमूस नाही. गँडाल्फ आधीच सांगून मोकळा झाला होता, की हे असे मरत नसतात. मालकाची शक्ती त्यांच्यात आहे, तो उभा तोवर हे उभे. झगा त्यांच्या नसलेपणाला आकार द्यायला, जिवंत माणसांशी व्यवहार करण्यापुरता. नवा झगा, नवं वाहन, की पुन्हा हजर. झालंही तसंच, पुढे ते उडत्या जनावरांवर बसून आले.

मग पेलेन्नॉरवर वेगळं काय घडलं? मेरी या हॉबिटाचा (हॉबिट म्हणजे फ्रोडोची बुटकी जात) सुरा. थडग्यांच्या टेकड्यांवरून हॉबिटांनी आणलेला. त्या जागी लेखक लढाई थांबवून त्या सुऱ्याची कुळकथा सांगतो. उत्तरेच्या राज्यात, ड्यूनेडाइनांच्या, म्हणजे नूमेनॉरच्या वंशजांच्या, उमेदीच्या काळात, आंगमारशी वैर असताना कुणा कारागिराने तो सावकाश घडवला होता. त्याला हे कळलं असतं तर किती बरं वाटलं असतं, असंही म्हणतो. दुसऱ्या कुठल्याही पात्याने ते साधलं नसतं. त्याने नुसतं गुडघ्यामागे भोसकलं नाही, त्या अदृश्य स्नायूंना त्याच्या इच्छेशी बांधणारा मंत्रच तोडला. मग वीरांगना एओविनची तलवार.

आंगमार पडलं १९७५ साली. म्हणजे सुरा हजार वर्षं थडग्यात पडून होता, ज्याच्यासाठी घडवला त्याची वाट बघत. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा कारखान्यात टूलरूमला होतो. दुसऱ्या दिवशी कानशीस हातात घेतली तर वेगळंच वाटलं. असो.

---

ओसरी | सोमवार, दुपारी २:१०

नाना, तो कारागीर माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. लेकीला आज परत वाचून दाखवतो.

पण मग प्रश्न वाढला. मंत्र तुटला म्हणजे विच-किंग बाकी आठांच्या दहा दिवस आधी सुटला?

---

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी ३:३३

तो मेल्यावर एक किंकाळी उठते, बारीक होत वाऱ्याबरोबर जाते, विरते, आणि त्या युगात पुन्हा ऐकू येत नाही. मजकुरात 'त्या युगात' असं स्पष्ट आहे. आता २५ मार्चला ते युग जवळजवळ संपतच आलेलं. अंगठी नष्ट झाली नसती तर पुढच्या युगात परत आला असता का? माझ्या मते हो, कधीतरी. दुसऱ्या युगाच्या शेवटी इसिल्दुरने अंगठी कापून घेतली तेव्हाही नाझ्गूल गडप झाले होते आणि १३०० च्या सुमारास पुन्हा उगवलेच. तेव्हा सुऱ्याने त्याला पाडलं, पण फाइल बंद झाली ती २५ तारखेलाच.

---

भर_दुपारी | सोमवार, दुपारी ४:०२

सगळे इतके गंभीर झालात म्हणून एक भाषेची गंमत.

ग्लॉरफिंडेल या एल्फाचं भाकीत होतं, की हा विच-किंग 'मॅन'च्या हातून पडणार नाही. तिथे मॅन म्हणजे पुरुषही आणि मानवजातही. म्हणून एक बाई आणि एक हॉबिट, दोघं मिळून दोन्ही अर्थ पुरे करतात. मराठीत 'पुरुष' म्हटलं की हॉबिट गळतो, 'मानव' म्हटलं की एओविन गळते.

पण आमच्या गावी चालतं! "घरात माणूस नाही, नंतर या" हे माझी आजी दारात उभी राहून, स्वतः धडधाकट असताना, पोस्टमनला सांगायची. माणूस म्हणजे आजोबा. तर "कुठला माणूस मला मारू शकत नाही" असं विच-किंग म्हणाला आणि आजी म्हणाली, "मग मी कुठं माणूस आहे?" फिट्ट बसतं.

---

नाना_पायरीवरचे | सोमवार, दुपारी ४:४०

वा! पोस्टमन आणि विच-किंग!

फक्त एक दुरुस्ती. ते भाकीत होतं, वरदान नव्हतं. हिरण्यकश्यपूसारखं कवच त्याला कुणी दिलेलं नव्हतं. ग्लॉरफिंडेलने पुढचं दिसलं ते सांगितलं, इतकंच. विच-किंगने त्याचं कवच करून घेतलं नि निर्धास्त झाला.

---

सदू_शिळोप्या | सोमवार, रात्री ८:१९

अश्वत्थामा अजून कुणी काढला नाही म्हणजे कमाल आहे.

सौप्तिक पर्व. पांडवांची पोरं झोपेत मारली, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, म्हणून कृष्णाने शाप दिला, की तीन हजार वर्षं एकटा भटकशील, अंगाला रक्तापुवाचा वास येईल, कुणी बोलणार नाही. कपाळीचा जन्मजात मणीही द्यावा लागला. अजूनही बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर येतो म्हणतात, जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. आमच्या शेजारच्या काकांना परिक्रमेत भेटला होता. (काकांना बरेच जण भेटायचे.)

फरक बघा. अश्वत्थाम्याचा दागिना काढला तेव्हा शिक्षा सुरू झाली. यांनी दागिना घातला तेव्हा. आणि आपली शिक्षा बाराशे वर्षांनी स्वस्त.

---

अवकाळी | सोमवार, रात्री ९:००

सदूकाका, छान काढलंत, पण यातून माझंच म्हणणं पुढे जातं. अश्वत्थामा तेल मागतो. म्हणजे दुखतंय हे त्याला कळतं. 'मी' शिल्लक आहे. नाझ्गूल कधी स्वतःसाठी काही मागताना दिसतो का?

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ९:४७

अवकाळी, १९६३ सालच्या एका पत्रात टोल्किनने याचा विचार केलाय. फ्रोडोने ज्वालामुखीच्या तोंडाशी अंगठी आपलीच म्हणून घोषित केल्यावर समजा ते आठ जण तिथे पोचले असते, तर? तो म्हणतो, त्यांनी फ्रोडोवर थेट हात टाकला नसता. त्याचे किरकोळ हुकूम पाळले असते, किंवा पाळल्याचा आव आणला असता, आणि गोड बोलून त्याला बाहेर काढलं असतं. आव आणायला डोकं लागतं. रिकामं पाकीट आव आणत नाही.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्या नऊ अंगठ्या सॉरॉनने स्वतःकडे ठेवल्या होत्या आणि त्यांतून त्यांच्या इच्छेवर त्याचा ताबा होता.

---

लेव्हल_अप_बंड्या | सोमवार, रात्री १०:०५

थांबा थांबा. अंगठ्या त्यांच्या बोटात नव्हत्या??

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री १०:३१

यावर दोन पार्ट्या आहेत. फ्रोडोच्या घरी, बॅग एंडमध्ये, गँडाल्फ म्हणतो, नऊ अंगठ्या सॉरॉनने गोळा केल्यात. एल्रॉन्डच्या सभेत तोच गँडाल्फ म्हणतो, नऊ नाझ्गूलांकडे आहेत. एल्फांपैकी गॅलाड्रिएलच्या तोंडी मात्र सात (ड्वार्फ म्हणजे बटूंना दिलेल्या) आणि नऊ बाळगणारा सॉरॉन, असं आहे. मी पत्राच्या बाजूने, कारण विरघळून गेल्यावर बोटाची गरजच संपते. सावकार दागिना स्वतःच्या तिजोरीत ठेवतो, कर्जदाराच्या अंगावर नाही.

---

पेणचा_पोहा | मंगळवार, सकाळी ६:५०

बटूंना पण सात दिल्या होत्या ना? ते का नाही झाले भुतं?

---

नाना_पायरीवरचे | मंगळवार, सकाळी ७:०५

घडणच तशी. आउले या देवाने त्यांना दगडासारखं चिवट केलं होतं, दुसऱ्याच्या इच्छेपुढे न वाकणारं. अंगठ्यांनी फक्त सोन्याची हाव वाढली. साताच्या चार ड्रॅगनांच्या आगीत गेल्या, तीन सॉरॉनने परत मिळवल्या. त्याचा घाट्याचा व्यवहार.

---

अवकाळी | मंगळवार, सकाळी ९:२०

पत्राचा मुद्दा मान्य. डोकं होतं. पण ते मालकाच्या कामापुरतं.

मला खरा पुरावा वेगळीकडे दिसतो. त्याच कादंबरीत दुसरे मेलेले आहेत, डनहॅरोचे. इसिल्दुरला दिलेला शब्द मोडला, त्याच्या शापाने तीन हजार वर्षं डोंगरात अडकले. इसिल्दुरचा वारस आरागॉर्न बोलावतो, ते येतात, पेलार्गिर बंदरात शत्रूच्या, उंबारच्या, जहाजांवर धाक बसवतात, आणि तो सांगतो की शब्द पुरा झाला, जा. (सिनेमात ते थेट मिनास तिरिथ या राजधानीला येऊन हिरव्या पुरासारखे सगळं साफ करतात. पुस्तकात नाही. तिथे जिवंत माणसंच लढतात.) त्यांचा राजा पुढे येतो, भाला मोडतो, वाकतो, आणि धुक्यासारखे सगळे विरतात. याला मी सुटणं म्हणेन. त्यांच्याकडे शब्द पाळायचा की नाही हा पर्याय होता आणि त्यांनी तो निवडला. नाझ्गूलांना कुणी 'जा' म्हटलं नाही. मालक कोसळला, त्याच्याबरोबर हे जळाले. फक्त वीज गेली.

---

भर_दुपारी | मंगळवार, सकाळी १०:१२

पण अवकाळी, पर्याय हिरावून घेतलेल्याला जास्त कीव यायला हवी ना? 'सिल्मरिलियन'मध्ये एक वाक्य आहे. कोण किती लवकर सॉरॉनचा गुलाम झाला हे त्याच्या मूळच्या ताकदीवर आणि सुरुवातीला त्याच्या मनात चांगलं होतं की वाईट यावर ठरलं. म्हणजे काही जणांच्या मनात चांगलं होतं! एखाद्याने अंगठी घेतली असेल आपल्या राज्यात दुष्काळ पडू नये म्हणून. तो सगळ्यांत उशिरा पडला असेल. रोज थोडा थोडा, आणि स्वतःला कळत.

गोलमकडे (बिल्बोच्या आधीचा अंगठीवाला) ४७८ वर्षं एकमेव अंगठी होती आणि तरी त्याच्या मनाचा एक कोपरा त्याचा राहिला होता, असं गँडाल्फच म्हणतो. मग राजाकडे एवढंसं काही उरलं नसेल, असं कशावरून?

---

अवकाळी | मंगळवार, सकाळी १०:४०

दुष्काळाचं तू घातलंस. पुस्तकात नाही.

पण बरं घातलंस.

---

सदू_शिळोप्या | मंगळवार, दुपारी १२:१५

खामूलवरून आठवलं. हॉबिटनमध्ये तिन्हीसांजेला येऊन फ्रोडोच्या सोबत्याच्या, सॅमच्या, बापाला, म्हाताऱ्या गॅफरला, बॅगिन्सचा (हे फ्रोडोचं आडनाव) पत्ता विचारणारा घोडेस्वार म्हणजे हाच खामूल, असं त्या टिपणांत आहे. कधीकाळी पूर्वेचा राजा. दारात उभा राहून एका माळ्याला विचारतोय, बॅगिन्स कुठे राहतात हो? आणि माळी म्हणतो, गेले ते, घर विकलं. हा फिस्कारतो आणि निघून जातो. गॅफरच्या अंगावर काटा येतो, पण म्हातारा जागचा हलत नाही.

उन्हात त्याचं बळ सगळ्यांपेक्षा जास्त ओसरायचं असंही लिहिलंय. हे वाचल्यापासून मला त्याची भीती वाटेनाशी झाली. वसुलीला पाठवलेल्या पोरासारखा वाटतो, वरून साहेबाचे फोन चालू.

---

लेव्हल_अप_बंड्या | मंगळवार, दुपारी १:०१

वसुलीवाला नाझ्गूल 😂 मी एक वर्ष केलंय ते काम. कन्फर्म. साहेब बंद पडल्यावर आम्हीपण सुटलो होतो.

---

ओसरी | मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आज जेवणं झाल्यावर आईला अख्खा धागा वाचून दाखवला. तिसरी_घंटा यांचं म्हणणं तिला पटलं. अवकाळी यांचंही पटलं. 'दोघंही बरोबर आहेत, तू का भांडतोयस' असं मला म्हणाली, मी काहीच बोललो नव्हतो. पोस्टमनच्या गोष्टीला मनापासून हसली, आणि म्हणाली आमच्याकडेही असंच म्हणायचे. बंड्याला सांग, दुसरी नोकरी लागली हे बरं झालं.

लेक अजून ठाम आहे, व्हिलन ते व्हिलन. पण नवा प्रश्न आईनेच काढलाय. नानांच्या प्रतिसादाशी मला थांबवलं आणि बोटं मोजली. उताराशी तीन, खडकांवर पाच.

"नववा घोडा कुठे गेला रे?"